हाजिमचं उलटं चित्र

सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत अरब माणूस दिसला की त्याला घोड्यातलं कळणारच, असा आमच्याकडच्या लोकांचा ठाम समज आहे. अरबी घोडा जगात भारी, मग तो ज्याच्या मुलखात जन्मतो त्याला पारख नसेल तर कुणाला असेल, असं त्यांचं म्हणणं. हा समज माझ्या मित्राला, हाजिमला, चांगलाच भोवला. हाजिम इराकातल्या मोसुल शहराचा, धंद्याने चित्रकार, आणि घोड्याला मनापासून घाबरणारा. त्याने आयुष्यातला पहिला घोडा जवळून पाहिला तो तापीकाठी, आमच्या यात्रेत. तो घोडा फुरफुरला तेव्हा हा सहा फुटी गडी माझ्या पाठीमागे लपला होता.

पण घोडेवाले ऐकतात थोडेच! कुणीतरी हाताला धरून ओढायचंच. "आरे सरका, अरबस्तानना मानूस शे, देखू द्या त्याले!" मग हाजिम घोड्यापासून सुरक्षित अंतर राखून एक फेरी मारायचा. मान तिरकी करायचा, डावा डोळा मिटायचा. चित्र बघतानाही तो अगदी असाच उभा राहायचा, पण ते लोकांना काय ठाऊक. सगळे श्वास रोखून थांबत आणि मग तो शुद्ध अहिराणीत निकाल द्यायचा, "घोडा चांगला शे. पन मालक आखो चांगला शे." मालक खूश, बघे खूश. लगेच चहा मागवला जायचा.

आमची ओळख बडोद्याची. चित्रकला शिकायला आम्ही एकाच वसतिगृहात, एकाच खोलीत होतो. मला पदविका घेऊन शहाद्याला परत यायचं होतं आणि शाळेत चित्रकलेचा मास्तर व्हायचं होतं. हाजिमला चित्रकार व्हायचं होतं. हा फरक आम्ही दोघांनी पहिल्याच आठवड्यात मान्य करून टाकला, त्यामुळे भांडण कधी झालं नाही. त्याच्या देशात तेव्हा लढाई चालू होती. सुट्टीत घरी गेला असता तर थेट फौजेत भरती झाला असता. म्हणून दिवाळी असो की उन्हाळा, माझी पिशवी भरली की त्याचीही भरायची, आणि आम्ही दोघे आमच्या गावी यायचो.

माझ्या आईला अहिराणीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. हाजिम ती तिच्याकडूनच शिकला, चुलीपुढे बसून, आणि आपल्याला मराठी येते अशी त्याची बरीच वर्षं समजूत होती. एकदा त्याच्या मुक्कामाच्या नोंदीसाठी आम्ही एका कचेरीत गेलो. तिथले साहेब पुण्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी विचारलं, "इथं कशासाठी आलात?" हाजिम म्हणाला, "मन्ही माय आठे ऱ्हास, तिले भेटाले उनू." साहेबांना एक अक्षर कळलं नाही. शेवटी एका इराकी माणसाच्या बोलण्याचं मी मराठीत भाषांतर करून दिलं: माझी आई इथे राहते, तिला भेटायला आलो. साहेबांनी आळीपाळीने आमच्या दोघांकडे पाहिलं आणि मुकाट्याने शिक्का मारला.

आईचं आणि त्याचं पहिलं भांडण चहावरून झालं. हाजिमला बिनदुधाचा, काळा चहा लागायचा. आईला तो घराचा अपमान वाटला. "घरमा म्हैस शे, आनि पाव्हना काया चहा पेस? लोके काय म्हनतीन?" तिने आठवडाभर त्याच्या कपात गुपचूप दूध घातलं आणि त्याने आठवडाभर निमूटपणे ते प्यायलं. मग त्याने तिला समजावलं की त्यांच्याकडे वाळवलेल्या लिंबाचा चहा करतात. लिंबं उन्हात काळी, टणक होईपर्यंत ठेवायची आणि फोडून पाण्यात उकळायची. आई म्हणाली, "सडेल लिंबू?" पण पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गेलो तेव्हा पापड-कुरडयांच्या शेजारी, घराच्या धाब्यावर, मातीच्या छतावर, वेगळ्या सुपात लिंबं वाळत घातलेली होती. त्या सुपाला हात लावायची आम्हा भावंडांना बंदी होती. ईदच्या दिवशीही तिने शेवया केल्या, पण ईद कोणती आणि कशाची हे तिने कधी विचारलं नाही. पोराचा सण आहे एवढं तिला पुरेसं होतं.

हाजिमचं काम कसं होतं ते सांगायला हवं, नाहीतर तो नुसता गमतीचा माणूस वाटेल. त्याच्या चित्रात झाड, माणूस, घर असं ओळखू येणारं काही नसे. मोठे रंगाचे पट्टे आणि त्यांवरून गेलेली एखादी वळणदार रेघ. बडोद्यात असताना त्याची चित्रं करडी, मातकट असायची. मग एका हिवाळ्यात मी त्याला नंदुरबारबाहेरच्या मिरचीच्या पथारींवर नेलं. तोडणीनंतर लाल मिरची उघड्या माळावर अंथरतात, नजर जाईल तिथवर. तिथे काम करणाऱ्या बाया तोंडाला फडकं बांधतात. हाजिमने बांधलं नाही. तो शिंकत होता, डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं, पण जागचा हलेना. बाया हसून एकमेकींना म्हणाल्या, "हाई कोन येडं उनं रे माय!" मी त्याला ओढलं तर म्हणाला, "थांब ना, नाकमा बी जाऊ दे." त्यानंतर वर्षभर त्याने लाल रंगाशिवाय दुसरं काही हातात घेतलं नाही. तीच त्याची पुढे नावाजलेली चित्रं. ती त्याच्या देशाच्या वाळवंटातल्या संध्याकाळवर काढली आहेत, असं एका जाणकाराने छापल्याचं मी नंतर वाचलं. मला हसू आलं. पण जाणकारांना शिंका कुठून ठाऊक असणार?

ज्याच्या घरी जेवला, त्याला चित्र द्यायचं, ही त्याची एक खोड होती. लहानमोठं, जे हाताशी असेल ते. लोक नको म्हणायचे, संकोचायचे, आणि हा म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या. मन्हाकडे ठेवाले जागा नही." अशी त्याची चित्रं आमच्या जिल्ह्यात इथे तिथे विखुरली. कुणाला त्यातलं काही कळलं नाही, पण पाहुण्याने दिलेली वस्तू म्हणून सगळ्यांनी ठेवून घेतली. सगळ्यात मोठं चित्र त्याने आमच्या गावाजवळच्या दगाजी आप्पांना दिलं. आप्पा केळीचे बागाईतदार, घोड्यांचे शौकीन. दारात कायम एखादी जातिवंत घोडी. हाजिमने त्यांच्याकडे भरपूर शेवभाजी खाल्ली होती आणि त्यांच्या घोडीकडे खिडकीतून पाहिलं होतं.

शिक्षण संपलं, लढाई थांबली, हाजिम मोसुलला गेला. मी शाळेत लागलो. तो तिकडे खरोखरच मोठा चित्रकार झाला. कुठकुठल्या देशांत त्याची प्रदर्शनं लागली. कुठेही असला तरी यात्रेच्या दिवसांत त्याचा फोन यायचा आणि तो आधी आईला मागायचा. आई गेली त्या वर्षी त्याने फोन केला. म्हणाला, "लिंबू कोन वाळवी आते?" आणि फोन ठेवला.

मग त्यांच्याकडे पुन्हा लढाई आली, ती थेट त्याच्या गल्लीत. अनेक महिने त्याचा ठावठिकाणा नव्हता. एक दिवस फोन वाजला. आवाज त्याचाच, पण वाळलेला. "अरुण, घर पडनं. वर चित्रे व्हतात, त्याबी गयात. सम्दा." तो आणि त्याची बहीण वाचले होते आणि परक्या देशात एका लहान खोलीत राहत होते. तीस वर्षांचं काम तापल्या धुळीत गेलं होतं. मी काहीतरी बोललो असेन, "जीव वाचला ना" वगैरे, जे लोक बोलतात ते. त्यावर तो म्हणाला, "हात चालत नही आते." मला वाटलं मार लागला असेल. तसं नव्हतं. ब्रश धरला की हात नुसता थांबतो, असं त्याने सांगितलं. त्यानंतर कित्येक वर्षं त्याने एकही रेघ काढली नाही. फोनवर मी विचारायचं सोडून दिलं, कारण विचारलं की तो नेहमीचं "व्हई जाई", म्हणजे होऊन जाईल, म्हणायचा आणि विषय बदलायचा. हे "व्हई जाई" पूर्वी तो हसत म्हणायचा.

गेल्या हिवाळ्यात तो स्वतःच आला. आखातातल्या एका मोठ्या कलादालनाला त्याच्या सगळ्या आयुष्याच्या कामाचं प्रदर्शन भरवायचं होतं. पण दाखवायला चित्रं कुठून आणणार? तेव्हा त्याला आठवलं की जगात आता त्याची सुरुवातीची चित्रं असलीच तर नंदुरबार जिल्ह्यात आहेत. नंदुरबार स्टेशनवर मी त्याला ओळखलं ते मान तिरकी केल्यावर. केस पांढरे, हातात काठी, अंगावर दोन स्वेटर. "दालनवाले म्हणताहेत, निदान ते मोठं मिळालं तरी प्रदर्शन होईल," असं त्याने गाडीत बसता बसता मला अहिराणी-हिंदी मिसळून सांगितलं. मग बाहेर बघत म्हणाला, हे झालं नाही तर मी चित्रकार होतो हे सांगायलाही काही उरणार नाही.

आमचा शोध तळोद्यापासून सुरू झाला. तिथल्या रूपसिंगदादांकडे एक मध्यम चित्र होतं. रूपसिंगदादा वरच्या पाड्यांवर जीप चालवायचे. पूर्वी हाजिमला त्यांनी सातपुड्यात खूप फिरवलं होतं. आम्हाला पाहून ते आनंदाने बाहेर आले, आणि चित्राचं नाव काढताच खाली बघू लागले. म्हणाले, "जीपचा टप फाटला होता, सर. पावसाळा होता, बाया-लेकरं भिजत होती. कापड जाड होतं... ठिगळ लावलं." पुढे ती जीपच भंगारात गेली होती. मला खरं तर राग आला होता. मी हाजिमकडे पाहिलं. तो म्हणाला, "पानी गळत व्हतं का मंग?" रूपसिंगदादा म्हणाले, "एक थेंब नाही." हाजिमने त्यांना मिठी मारली. अक्कलकुव्याच्या पलीकडे एका घरी दिलेल्या चित्राला वाळवी लागून नुसती चौकट उरली होती, आणि आमच्या घरातलं, आईने देवघरावर लावलेलं, धुराने इतकं काळं झालं होतं की खालचा रंग कुठला हे त्यालाही सांगता येईना. ते त्याने ओल्या फडक्याने पुसूनही पाहिलं नाही. "मायना धूर शे," एवढंच म्हणाला. राहिले दगाजी आप्पा.

आप्पा आता ऐंशीकडे झुकलेले, पण मिशा ताठ. ओसरीवर खाटेवर बसून होते. समोर अंगणात एक करडी घोडी आणि तिच्या पोटाशी शिंगरू. त्यांनी हाजिमला जवळ बसवलं, त्याच्या घराची चौकशी केली, ऐकून घेतलं आणि कुणाला तरी हाक मारून काळा चहा सांगितला. इतक्या वर्षांनी त्यांच्या ते लक्षात होतं. मग आम्ही आत गेलो. माजघराच्या भिंतीवर चित्र होतं, स्वच्छ पुसलेलं, कोपरा न् कोपरा शाबूत. तोच मिरचीचा लाल रंग. फक्त ते उलटं टांगलेलं होतं. हाजिमची सही वर, डोक्यावर उभी.

हाजिमची नजर सहीवर गेली आणि आप्पांना कळलं. ते अवघडले. "तुन्हाशी खोटं नही बोलाव, भाऊ. मी ते मुद्दाम उलटं टांगी दिन्हं."

त्यांनी सांगितलं ते असं. चित्र दिलं त्या वर्षी त्यांनी ते जसं दिलं तसंच लावलं होतं. त्याच वर्षी त्यांची लाडकी घोडी पोटशूळाने मेली आणि थोरला मुलगा भांडून सुरतेला निघून गेला. "मंग एक दिन मी खाटवर पडेल व्हतू आनि चित्रकडे नजर गई. देखं तर काय! घोडाना पायवरना भोवरा, आनि केस वर जायेल. खुंटेउपाड! घरमा खुंटेउपाड टांगीसन बठेल शे मी!"

घोड्यांच्या लोकांना हे सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. घोड्याच्या पुढच्या पायावर केसांचा भोवरा असतो. त्याचे केस वरच्या दिशेने वळलेले असतील तर तो खुंटेउपाड. असा घोडा मालकाच्या घराची खुंटी उपटतो, घर उठवतो म्हणतात. केस खाली वळलेले असतील तर खुंटेगाड. तो खुंटी रोवून ठेवतो, घर टिकवतो. हाजिमच्या त्या चित्रात लाल पट्ट्याच्या तळातून एक काळी रेघ गरगर फिरून वर गेली होती. मोसुलच्या घरात त्याची आई भाकरी भाजायची, तिच्या भट्टीचा तो धूर होता, हे मला ठाऊक होतं. आप्पांना तो घोड्याचा पाय वाटला होता.

"फेकू तरी कसा? पाव्हनानी देयेल वस्तू," आप्पा म्हणाले. "मंग इचार करा, नि उलटं करी दिन्हं. खुंटेगाड व्हई गया. थोरला आंडोर घर परत उना. नवी घोडी उनी, घर फळनं. तव्हयपासून हात लावेल नही. पन तुन्हं नाव डोकावर उभं ऱ्हायनं, ते माले रोज खुपस."

हाजिमने माझ्याकडे पाहिलं. त्याला दोन्ही शब्द माहीत नव्हते. मी ते हळू आवाजात समजावून सांगितले आणि सांगताना माझ्याच लक्षात आलं की मी हे घर उठलेल्या माणसाला सांगतो आहे. तो खाली बसला. आधी हसू लागला, खांदे हलवून, आवाज न करता, आणि मग ते हसणं राहिलं नाही. आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ तो हात तिथेच होता.

"आप्पा," हाजिम शेवटी म्हणाला, "मालेच कळेल नव्हतं. सुलटं तुम्हीच टांगेल शे."

मग त्याने रंग आहे का विचारलं. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला काळा रंग गोठ्यात होता. डबा घट्ट बसलेला, आप्पांनी तो विळ्याने उघडला. ब्रश शिंगांचाच, राठ, अर्धे केस गेलेला. हाजिमने तो बुडवला आणि चित्रासमोर उभा राहिला. मान तिरकी. मी मनात म्हणालो, हात थांबणार. हात थांबलाच. घोडी बाहेर एकदा खूर आपटून गप्प झाली. मग त्याने चित्राच्या आताच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, उजवीकडून डावीकडे आपलं नाव लिहिलं. सावकाश, ठळक. वरची जुनी सही त्याने तशीच ठेवली.

आप्पांनी ते निरखून पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "आते लई जा. तुन्हं काम अडकेल शे, माले समजस. फक्त तठे बी आसंच टांगज्यात."

आप्पांसाठी ते चित्र देणं काय होतं हे त्या घरातल्या सगळ्यांना कळलं असावं, कारण मागे दारात उभी असलेली सून एकदम आत निघून गेली. आणि हाजिमसाठी ते नेणं काय होतं हे मला माहीत होतं. मला वाटलं तो नेईल. नेलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती.

"नही आप्पा," तो म्हणाला. "मन्ही आते एवढीच खुंटी गाडेल शे. ती आठेच ऱ्हाऊ द्या."

परत येताना गाडीत मी चिडलो होतो, हे कबूल करतो. एवढ्या लांबून आलास ते कशासाठी, असं बोलूनही गेलो. तो खिडकीबाहेर उसाकडे बघत होता. घर आल्यावर त्याने जोडेही काढले नाहीत आणि विचारलं, "तुन्हाकडे कॅनव्हास शे का?"

शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या मास्तराकडे काय नसतं? माळ्यावरून एक ताणलेला कॅनव्हास काढला, तैलरंगाच्या नळ्या उकळत्या पाण्यात धरून मऊ केल्या. तो आमच्या ओसरीवर बसला तो परतीच्या दिवसापर्यंत. मी तिकडे फिरकलो नाही. बायकोलाही फिरकू दिलं नाही. ती फक्त चहा ठेवून यायची आणि आल्यावर दरवेळी हळूच सांगायची, "हात चालतोय हो." आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून लहान मुलांसारखे खूश व्हायचो. थंडीत तैलरंग वाळतो कशाला! निघायचा दिवस आला तरी चित्र ओलंच.

स्टेशनवर मी म्हटलं, "हे कसं नेणार? आधी सुरत, मग मुंबई, मग विमान. आणि दालनवाल्यांनी जुनं मागितलंय, त्यांना काय सांगशील?"

"सांगसु, जुनं घरमा शे," तो म्हणाला. "आनि हाई कसं लई जाऊ? व्हई जाई." बऱ्याच वर्षांनी तो ते हसत म्हणाला.

सुरतेची गाडी आली ती खच्चून भरलेली. गाठोडी, मिरचीची पोती, कामाला निघालेली डोंगरातली कुटुंबं. हाजिम काठी माझ्याकडे टाकून चढला. काठी राहिली असं मी ओरडलो, त्याने ऐकलं नाही. गाडी हलली तेव्हा तो दारात उभा होता. चित्र दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलेलं, स्वेटरच्या बाहीला लाल रंग, आणि बोचकं घेऊन आत शिरू पाहणाऱ्या एका म्हातारीला तो घसा ताणून विनवत होता, "वल्लं शे, माय, जराशी सरक! वल्लं शे! आतेच काढेल शे!"